नदी त्या बाजूला होती

“एवढा समुद्र ओलांडला, बोटीत निम्मी माणसं आजारी पडली, तरी ही मंडळी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरली. कशासाठी? तर आपल्या मनासारखी प्रार्थना करता यावी म्हणून,” शिंगटे मॅडम म्हणाल्या. “आता सांगा, तिथं वस्ती बसल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल?”

शेवटचा तास होता. आठवीच्या वर्गात निम्मी पोरं डोळे उघडे ठेवून झोपली होती.

“शेती,” तन्मय घाग म्हणाला.

“घरं बांधली,” मागून कुणीतरी.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “गावकी काढली.”

वर्ग फस्सकन हसला आणि लाईट जावी तसा एकदम गप्प झाला. कारण माझ्या विनोदावर हसणं हे माझ्याशी बोलण्यात धरायचं की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. गावकीनं ते सांगितलंच नव्हतं.

मॅडम मात्र खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “अगदी बरोबर. आणि मग जो वेगळा वागेल त्याला बाहेर काढायला सुरुवात केली. कुंजल, खाली बस.”

मी उठून उभी राहिलेय हे माझं मलाच कळलं नव्हतं.

आता मी अकरावीला, तालुक्याच्या शाळेत आहे. इथं कुणाला खरं वाटत नाही, की मी जवळजवळ वर्षभर वर्गात कुणाशी बोलत नव्हते. म्हणजे मी बोलायला तयारच होते, समोरून कुणी बोलत नव्हतं. माझ्यासारखीला ही शिक्षा म्हणजे माशाला झाडावर बांधण्यातला प्रकार. आई नेहमी म्हणायची, या कार्टीला विहिरीत ढकललं तरी ही बेडकांच्या चौकश्या करत बसेल.

झालं होतं असं. आमच्या वेळशेत गावात शिमग्याला देवीची पालखी घरोघर येते. अंगणात पाट मांडायचा, पालखी टेकली की घरच्या सवाष्णीनं देवीची ओटी भरायची, असा रिवाज. त्या वर्षी आईनं ओटीचं ताट उचललं आणि सरळ मालनआत्याच्या हातात दिलं. मालनआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचा नवरा वारल्यापासून आमच्याकडेच राहते. बाबा मुंबईला नोकरीला, तेव्हा घरात आम्ही तिघीच.

“वयनी, नको,” आत्या पुटपुटली होती.

“वर्षभर देवीपुढं दिवा तुम्ही लावायचा आणि ओटी मात्र मी भरायची, हे कसलं, वन्सं? भरा.”

पालखीचे भोई थबकले. ढोल थांबला. आत्यानं खण, नारळ, तांदूळ वाहिले. देवी काही बोलली नाही. पण संध्याकाळी गावकी बोलली. देवळासमोर बैठक बसली, आईला बोलावलं आणि सांगितलं, देवीपुढं उभी राहा आणि चुकले म्हण.

“चुकले असते तर म्हटलं असतं,” आई म्हणाली आणि घरी येऊन तिनं भात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाळीत. कुणी बोलायचं नाही, घरी यायचं नाही, काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही. दुकानात गेलं की दुकानदाराला एकदम आतलं काहीतरी काम आठवायचं. शिंगटे मॅडम साताऱ्याकडच्या. त्यांना हे कळलं तेव्हा त्या तरातरा आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, याविरुद्ध कायदा आहे, आपण तक्रार करू.

“कायदा जीपमधून येईल मॅडम, आणि जीपमधून जाईल,” आई म्हणाली. “आम्हाला इथंच राहायचंय. चहा घेता ना?”

मॅडमनी दोन कप घेतले. त्या वर्षी आमच्या घरचा चहा प्यालेल्या त्या एकट्याच.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलं ते तेजलचं. तेजल रेवाळे आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसत होतो. चिंच एकीनं खाल्ली तर दात दुसरीचे आंबायचे, अशी आमची गत. पण तेजलचे वडील, दत्ताराम रेवाळे, ज्यांना सगळे भाई म्हणतात, तेच गावकीचे प्रमुख. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तेजल वर्गात आली, तिनं बाकातलं आपलं दप्तर उचललं आणि खिडकीकडच्या बाकावर जाऊन बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्या बाकावर अघळपघळ बसायला शिकले.

तर मॅडमच्या त्या अमेरिकेच्या तासानंतर काही दिवसांनी मी घरी पडवीत पाढे म्हणत होते. पाढे कसले, भिंतीलाच सांगत होते की आज डब्यात काय होतं, तन्मयनं गणितात कसा घोळ घातला, वगैरे. भिंत चांगली ऐकते. तेवढ्यात आतून आत्याचा आवाज आला.

“वयनी, शाळेचं संमेलन झालं की मी जाते देवळात. नाक घासून येते. तुम्ही मधी पडू नका.”

“वन्सं, तुम्ही चुकले म्हणालात की ती ओटीच चूक ठरली.”

“ठरू दे गो. पोर भिंतीशी बोलायला लागली. मला नाय बघवत.”

“संमेलन झाल्यावर कशाला मग? उद्याच जा,” आई रागानं म्हणाली.

“परीक्षा, संमेलन… पोरीचे सणाचे दिवस जाऊ देत. मग जाते.”

मी पाढा अर्धाच सोडला. आत्या देवळासमोर नाक घासतेय, आजूबाजूला सगळं गाव उभं आहे, असं माझ्या डोळ्यांपुढं आलं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाच्या केळीचं पान विचारल्याशिवाय तोडलं नाही तिनं कशाची माफी मागायची? बरं, मागणार होती ती माझ्यासाठी. म्हणजे माझ्याशी कुणीतरी बोलतंय, हे तिला दिसलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण बोलणार कोण?

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी उत्तर आणून दिलं. आमची आठवी संमेलनात एकांकिका करणार होती, आणि ती मॅडमनी स्वतः लिहिली होती.

“त्या जुन्या अमेरिकेतली गोष्ट आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या एम. ए.ला मी त्या काळचं लिखाण पुष्कळ वाचलं. प्रवचनं, खटल्यांची कागदपत्रं, नंतरच्या कथा. एक गंमत सांगू? कुठलंही पान उघडा, वस्तीच्या कडेला एक माणूस उभं असतंच. कुणी जास्त प्रश्न विचारलेले असतात, कुणी वेगळी प्रार्थना केलेली असते. बायका तर कितीतरी. आपली मार्था वेल्स मी बनवलीय, पण अशाच बायकांवरून.”

मार्थाची गोष्ट अशी. त्या वस्तीत प्रार्थनेच्या घरात कुणी कुठल्या बाकावर बसायचं हे मानाप्रमाणं ठरलेलं असतं. मानाची माणसं पुढं, नोकरमाणसं पार मागं. एके रविवारी मार्था एका म्हाताऱ्या मोलकरणीला हाताला धरून आणते आणि पुढच्या बाकावर आपल्या शेजारी बसवते. एवढंच. मग खटला. सगळ्यांसमोर उभी राहा आणि चुकले म्हण, असं न्यायाधीश तिला सांगतो. ती म्हणत नाही. मग तिला नदीपलीकडं हाकलून देतात.

वर्गात कुणी कुणाकडे बघेना. मॅडमनी चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, “न्यायाधीश कोण होणार?”

माझा हात आढ्याला लागला. मी मनात हिशोब केला होता. न्यायाधीशाला सगळ्यात जास्त संवाद. न्यायाधीश प्रत्येकाला प्रश्न विचारतो. आणि प्रत्येकाला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. आख्खा वर्ग माझ्याशी बोलणार आणि ते बघायला मी आत्याला पुढं बसवणार.

“न्यायाधीश पुरुष असतो,” तन्मय म्हणाला. तो छताला म्हणाला, कारण मला म्हणायची सोय नव्हती.

“तूही धर्मगुरू नाहीयेस,” मॅडम म्हणाल्या, “पण आता होणार आहेस. कुंजल न्यायाधीश. मार्था तेजल.”

तेजल? मी वळून बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. लांब केस आहेत म्हणून घेतली असेल, मी मनात म्हटलं. तिच्याकडून मार्था काय होणार, कप्पाळ.

पहिल्या तालमीला तन्मय अडून बसला. “मॅडम, घरी सांगितलंय, हिच्याशी बोलायचं नाही.”

“कुणाशी?”

“कुंजलशी.”

“मग नको बोलूस की. कुंजलशी एक शब्द बोलायचा नाही. न्यायाधीशांशी बोल.”

तन्मयनं विचार केला. खरंच बराच वेळ केला. मग माझ्यापुढं आला, वाकला आणि म्हणाला, “न्यायाधीश महाराज, मी या वस्तीचा धर्मगुरू, खरं सांगण्याची शपथ घेतो.”

किती महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे बघून वाक्य म्हणत होतं. मला पुढचा संवाद आठवत होता, पण मी आधी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

आणि मग काय, धरणच फुटलं. दोन-तीन दिवसांत पोरांच्या लक्षात आलं की ही पळवाट फार रुंद आहे. मधल्या सुट्टीत तन्मय माझ्या बाकापुढं गुडघा टेकून म्हणाला, “न्यायाधीश महाराज, या पामराची कंपासपेटी घरी राहिली आहे.”

“न्यायालयास फार दुःख झाले,” मी म्हटलं. “हा घे कर्कटक.”

तो घाबरून मागं सरकला. “देवाणघेवाण होईल.”

“मूर्खा, तू सरकारकडून घेतोयस.”

मग तर काय विचारता. “न्यायाधीश महाराज, आपण गणित सोडवलंत का?” “महाराज, आज आपल्या डब्यात घावणे आहेत असे ऐकतो.” “महाराज, शिंगटे मॅडम लग्नाच्या आहेत काय, याचा निकाल द्यावा.” मी दिवसभर निकाल देत होते. घरी गेल्यावर भिंतीला सांगायला माझ्याकडे काही उरत नव्हतं.

फक्त तेजल. तेजल संवादाच्या बाहेर एक अक्षर बोलली नाही. तालमीत मी विचारायचे, “मार्था वेल्स, तू त्या मोलकरणीला पुढच्या बाकावर का बसवलंस?” आणि ती माझ्या डोक्यावरून कुठंतरी बघत म्हणायची, “कारण ती दमली होती.” बस. काम झालं की पाणी पिऊन खिडकीच्या बाकावर. बाकीचे सगळे पळवाटेनं येत होते आणि जिनं यायला हवं होतं ती येत नव्हती.

एके दिवशी माझ्या जिवाची फार तगमग झाली. तालीम चालू होती, वर्ग गोल करून बसला होता. मी टेबलावर हातोडी आपटली आणि कडक आवाजात विचारलं, “मार्था वेल्स, तू बाकातलं दप्तर उचलून दुसऱ्या बाकावर का गेलीस?”

तेजलचे कान लाल झाले. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं, आणि मग मान वळवून म्हणाली, “मॅडम, हे संवादात नाही.”

मी हातोडी खाली ठेवली. त्या दिवशी मी तिच्यावर फुली मारली.

तालमीच्या शेवटी मॅडम जाण्यायेण्याच्या जागा ठरवत होत्या. “मार्था शेवटी नदी ओलांडून जाते. नदी इथं समजू,” त्यांनी स्टेजच्या डाव्या पडद्याकडे, जिथं प्रयोगशाळेचं कपाट ठेवलेलं होतं तिकडं बोट केलं. “तिकडं आत जायचं.”

“मॅडम,” तेजलनं विचारलं, “नदीपलीकडं कोण असतं?”

“तिच्याआधी हाकलून दिलेली माणसं असतील.”

“म्हणजे तिला तिथं कुणीतरी भेटतं?”

“भेटत असणारच,” मॅडम म्हणाल्या. “नाटकात नाही दाखवलं आपण. तेवढा वेळ नाही.”

तेजलनं मान हलवली.

संमेलन शाळेच्या मैदानावर, उन्हं उतरताना. पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या, मधल्या खुर्चीत भाई, गळ्यात शाळेनं घातलेला हार. मागं सतरंज्यांवर गाव. आई आणि आत्या येतील की नाही याची मला धाकधूक होती. मी सकाळपासून आत्याच्या मागं लागले होते, ये, ये, बघ तरी सगळे माझ्याशी कसे बोलतात.

“सगळे?” ती म्हणाली होती.

“अगं सगळे. महाराज महाराज करतात.”

आल्या. आईनं घरून चटई आणि पाण्याचा तांब्या आणला होता. त्या दोघी मैदानाच्या पार कडेला, कुंपणाच्या निवडुंगाजवळ बसल्या. सतरंज्या आणि त्यांची चटई यांच्यामध्ये एक म्हैस सहज वळवता आली असती एवढी मोकळी जागा.

मी मॅडमचा काळा रेनकोट उलटा घालून, डोक्यावर कापसाचा टोप चढवून टेबलामागं बसले आणि पडदा उघडला.

पहिला भाग झकास झाला. मी विचारत होते, पोरं धडाधड उत्तरं देत होती. “हो, न्यायाधीश महाराज.” “मी स्वतः पाहिलं, महाराज.” तन्मय तर एवढा रंगात आला की त्यानं देवाची शपथ दोनदा घेतली. मी मधूनमधून चोरून कुंपणाकडे बघत होते. आत्यानं पदर तोंडावर धरला होता आणि ती हसत होती. आईला कोपर मारून माझ्याकडे दाखवत होती. झालं, मी मनात म्हटलं, जिंकले. आता ही कसली देवळात जाते.

मग निकालाचं पान आलं.

“मार्था वेल्स,” मी म्हटलं, “सभेपुढं उभी राहा आणि चुकले म्हण.”

“चुकले असते तर म्हटलं असतं,” तेजल म्हणाली.

संवाद ‘मी चुकले नाही’ असा होता. माझ्या हातातली हातोडी तशीच राहिली. हे वाक्य आईचं होतं, देवळासमोरचं. तेजल त्या दिवशी तिथं होती? असणार. भाईंची लेक.

मागं कुणीतरी खाकरलं. मैदानावरची कुजबुज हळूहळू थांबली. माझं तोंड मात्र पाठांतराच्या जोरावर चालूच होतं. “तर मग ऐक. आजपासून या वस्तीत तुझ्याशी कोणी बोलणार नाही. तुझ्या घरी कोणी येणार नाही. कोणी तुला विस्तव देणार नाही, कोणी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही.”

ठरल्याप्रमाणं स्टेजवरच्या सगळ्या पोरांनी तेजलकडे पाठी फिरवल्या. आणि त्या पाठींवरून मला कुंपण दिसलं. आत्या आता हसत नव्हती. पदर तोंडावरून डोळ्यांवर गेला होता.

मला तेव्हा कुठं कळलं. मी आत्याला काय दाखवायला बोलावलं होतं, आणि ती काय बघत होती. इतके दिवस मी संवाद मोजत होते, कोण कोण मला उत्तर देतंय ते मोजत होते, आणि हे वाक्य माझ्या तोंडून आत्याच्या कानाला कसं लागेल हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिची भाची, कापसाचा टोप घालून, गावासमोर वाळीत टाकत होती.

आता एकच शब्द उरला होता. ‘जा.’ तो माझा होता. मी तो म्हटला, पण तो पहिल्या रांगेपर्यंत तरी पोचला की नाही, शंकाच आहे.

तेजल वळली. पण डावीकडं नाही. ती स्टेजच्या पुढच्या पायऱ्यांकडं निघाली.

“तेजल, इकडं!” पडद्याआडून मॅडम कुजबुजल्या. “कपाटाकडं!”

तेजल पायऱ्या उतरली. तिच्या घागऱ्याचा काठ भाईंच्या गुडघ्याला घासून गेला. सतरंज्यांच्या मधून, मांडी घातलेल्या बायकांचे गुडघे चुकवत, ती सरळ चालत गेली. मधल्या मोकळ्या जागेपाशी ती जरा थांबली आणि तिनं घागरा दोन्ही हातांनी वर उचलला. पाण्यातून चालताना उचलतात तसा. पाय जपून टाकत ती पलीकडं गेली आणि आत्याच्या शेजारी चटईवर बसली.

“दमले,” ती म्हणाली. मार्थाचा आवाज होता, मॅडमनी शिकवलेला, शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा. “पाणी आहे?”

आत्यानं आईकडे बघितलं. आईनं तांब्या आत्याकडं सरकवला. आत्यानं फुलपात्रात पाणी ओतलं. थोडं चटईवर सांडलं. तेजलनं ते फुलपात्र घेतलं आणि ती सावकाश, सगळं, तळापर्यंत प्यायली.

कुणालातरी हे नाटकातलंच वाटलं, त्यानं टाळ्या वाजवल्या. मग आणखी चार ठिकाणी वाजल्या. बऱ्याच ठिकाणी वाजल्या नाहीत. सगळ्यांची डोकी भाईंकडे वळली. भाई उठून काय म्हणणार? ही भाईंची लेक होती की मार्था वेल्स? आणि मार्था वेल्सला तर नुकतंच भर सभेत हाकललेलं. ती नदीपलीकडं नाही बसणार तर कुठं बसणार?

शेवटचं वाक्य माझं होतं, ‘न्यायसभा संपली.’ आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला सांगितलेलं असताना शब्द फुटेना. शेवटी मॅडमनी पडदा ओढला.

मी टोप फेकून मागच्या दारानं धावत सुटले. पोचले तेव्हा भाई चटईपाशी उभे होते, त्या मोकळ्या जागेच्या अलीकडच्या कडेला. तेजल अजून बसलेली. फुलपात्र तिच्या हातात.

“हे काय केलंस?” भाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“मार्थाला नदी ओलांडायची होती,” तेजल म्हणाली.

“नदी तिकडं ठरली होती म्हणे. बाई सांगत होत्या.”

“नाही, भाई. नदी या बाजूला होती. रोजच होती. मला माहीत होतं.”

भाईंनी फुलपात्राकडे बघितलं, मग आत्याकडे. आत्या उठायला लागली तसं आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. गळ्यातला हार त्यांनी काढून हातात घेतला होता, त्याचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं.

“थंडी पडलीय,” अखेर ते म्हणाले. “स्वेटर घाल.” आणि गेले.

घरी जाताना आत्या रस्ताभर बोलली नाही. मीही नाही. आई म्हणाली, दोघींची वाचा एकाच दिवशी गेली, आता मला कुणी वाली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या चुलीपुढं बसली होती. मी भीतभीत विचारलं, “आत्ते, देवळात कधी जाणार?”

“कशाला?”

“नाक घासायला.”

तिनं फुंकणीनं जाळ केला. “भाईंच्या पोरीनं माझ्या हातचं पाणी प्यायलं, सगळ्या गावासमोर. आता मी चुकले म्हटलं तर ती पण चुकली असं होईल. तेवढी एवढीशी पोर.” मग जरा वेळानं, “तू पण चांगलं काम केलंस हो. आवाज अगदी गावकीच्या गावकारासारखा काढलास. मी तर घाबरलेच.”

त्या शिमग्याला पालखी आमच्या दारी आली नाही. ढोल वाजवत पुढच्या घरी गेली. पुढच्या वर्षी आली. ताट आत्याच्या हातात होतं, आणि भाई तेवढा वेळ आमच्या फणसाच्या झाडाकडं फार लक्ष देऊन बघत होते.

पण ते सगळं नंतर. संमेलनाच्या नंतरच्या सोमवारी मी वर्गात अघळपघळ बसले होते. तेजल आली, खिडकीच्या बाकाजवळून पुढं आली आणि तिनं माझ्या शेजारी धप्पकन दप्तर टाकलं.

“सरक.”

मी सरकले.

मॅडम हजेरी घेत होत्या. मी समोर बघत होते, तीही समोर बघत होती.

“बोल ना,” ती ओठ न हलवता म्हणाली. “वर्षभराचं साठलं असेल.”

मग मी विचारलं, “मार्थाचं काम तुला केसांमुळं मिळालं का?”

“केस? मी मॅडमच्या घरी जाऊन मागितलं. त्या नको म्हणत होत्या, भाई रागावतील म्हणून.”

“मग तालमीत का बोलली नाहीस? तन्मय पण बोलत होता. कोण पण बोलत होतं.”

“ते तुझ्याशी नव्हते बोलत,” तेजल म्हणाली. “न्यायाधीशाशी बोलत होते. मला न्यायाधीशाशी काय बोलायचं होतं?”

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं. आणि मग मी सुरू झाले. भिंतीला सांगितलेलं सगळं तिला सांगायला लागले. शिमग्यापासून, दिवसामागून दिवस, कुठलाही न गाळता. ती मध्ये मध्ये तोडत होती, मी आवाज चढवत होते, ती त्याच्यावर चढवत होती.

“कुंजल भुवड. तेजल रेवाळे,” शिंगटे मॅडम गरजल्या. “किती वेळ चाललंय? उठा. दोघी वर्गाबाहेर.”

आम्ही उठलो. मॅडमनी चष्मा काढला होता आणि त्या उगाच काच पुसत होत्या. दारातून बाहेर पडताना तन्मयनं मागून विचारलं, न वाकता, न गुडघा टेकता, “ए कुंजल, माझा कर्कटक घेऊन चाललीस का?”

“माझा आहे तो,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी व्हरांड्यात जाऊन तास संपेपर्यंत बोलत राहिलो.